कानावर पडलेलं इंग्रजी

आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे डबे एकाच लांब टेबलावर उघडतात. त्या दिवशी मेथीची भाजी होती, कुणाचे तरी गारढोण झालेले पराठे होते आणि उदगीरहून आलेल्या, नुकत्याच रुजू झालेल्या मुलीने आणलेली कारळाची चटणी होती. दोन घास होतात न होतात तोच तिचा फोन वाजला. पलीकडे परदेशातला क्लायंट असावा आणि त्याला एक फाइल सापडत नसावी. ती उठून खिडकीशी गेली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "टेक युअर टाइम. आय अ‍ॅम राइट हिअर." मग थोडं थांबली. त्याने बहुतेक माफी मागितली असावी, कारण ती हसून म्हणाली, "नो, नो, यू आर फाइन." परत येऊन बसली तेव्हा मी विचारलं, एवढं छान बोलायला कुठे शिकलीस गं? चटणीवर तेलाची धार सोडता सोडता तिने सरळ सांगितलं, "पिक्चर बघून, ताई." टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या एकाने नाकातून हवा सोडली आणि म्हणाला, "तरीच! डायलॉग मारल्यासारखं वाटलं."

ती काही बोलली नाही. चटणीचा डबा तिने सगळ्यांच्या पुढे सरकवला.

ते 'तरीच' मला संध्याकाळपर्यंत बोचत राहिलं. बोलणारा माणूस वाईट नाही. कुणाचं काम अडलं तर हातातलं टाकून मदतीला येणारा आहे. पण त्या एका शब्दात एक हिशेब होता. घरातून, शाळेतून आलेलं इंग्रजी ते अस्सल आणि पडद्यावरून उचललेलं ते उसनं. हा हिशेब मला मान्य नाही. का मान्य नाही, ते स्वतःशीच नीट मांडून बघावं असं तेव्हापासून मनात आहे.

आपल्याकडे म्हणतात, भाषा कानावर पडावी लागते. मला मराठी अशीच आली. 'असू दे', 'जाऊ दे झालं', 'बघू या की', 'कशाला उगीच' हे मला कुणी पाटीवर गिरवायला लावलं नाही. ओट्याशी उभ्या असलेल्या आईच्या तोंडून, निघते निघते म्हणत दाराशी अर्धा तास बोलत राहणाऱ्या मावशीच्या तोंडून ते पडत गेलं आणि मी वेचत गेले. कुठला शब्द रागाचा, कुठला लाडाचा, कुठला घरच्यांशी चालतो आणि पाहुण्यांसमोर चालत नाही, हे सगळं शब्दाबरोबरच आलं. टेबलाच्या त्या टोकाला बसलेल्या माझ्या सहकाऱ्याला इंग्रजी असंच आलं असणार. वडिलांचे फोन, शाळेचा व्हरांडा, शेजारच्या घरातले वाढदिवस. त्याच्या कानावर ते आयतं पडलं. उदगीरच्या मुलीच्या कानावर ते पडायची काहीच सोय नव्हती, म्हणून तिने ती सोय स्वतः करून घेतली. दोघांनीही ऐकूनच उचललं. मग त्याचं ते बोलणं आणि तिचा तो डायलॉग, हे कसं काय?

मी बार्शीची. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून ते २००० साली आलं, तोवर माझी शाळा संपली होती. आजोबांच्या ट्रंकेत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पुठ्ठा सुटलेली प्रत होती, आणि काकाने एसटी स्टँडवरून आणलेलं रॅपिडेक्स होतं, ज्याची जाहिरात कपिल देव करायचा. शाळेतल्या बाईंनी व्याकरण असं पक्कं करून घेतलं की आजही पत्र लिहिताना क्रियापदापाशी माझा हात अडखळत नाही. बाईंचे ते उपकार मी विसरणार नाही. रजेचा अर्ज, तक्रारीचा अर्ज, मैत्रिणीला अभिनंदनाचं पत्र, यात आम्ही तरबेज होतो. 'आय बेग टू स्टेट दॅट' हे वाक्य झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवलं असतं. पण गर्दीत कुणाचा पाय आपल्या पायावर पडला आणि तो ओशाळला, तर त्याला काय म्हणायचं? दुसऱ्यांदा चहा नको असेल तर? समोरच्याचं म्हणणं पटलेलं नाही, पण त्याला दुखवायचंही नाही, तेव्हा वाक्याची सुरुवात कुठून करायची? यावर धडाच नव्हता. असणार तरी कसा? ज्यांच्याशी हे इंग्रजीत बोलायचं ती माणसंच आमच्या गावात नव्हती. बाईंच्याही रोजच्या आयुष्यात नव्हती.

इंग्रजी सिनेमा बार्शीत बघायला मिळायचा, पण इंग्रजीत नाही. १९९३ सालचा 'जुरासिक पार्क' पुढच्या वर्षी हिंदीत डब होऊन भारतात आला, धो धो चालला, आणि मग हॉलिवूडचे मोठमोठे सिनेमे लहान गावांत हिंदी बोलतच यायला लागले. आम्ही ते श्वास रोखून पाहिले. ती मजा खरी होती, तिला मी नावं ठेवणार नाही. पण आज वाटतं, डायनासोर आमच्यापर्यंत पोचले आणि भाषा वेशीवरच थांबली. नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क या देशांत मोठ्या माणसांसाठीचे परदेशी सिनेमे मूळ आवाजातच दाखवतात आणि खाली आपल्या भाषेतल्या ओळी देतात. जर्मनी, इटली, स्पेन इथे डबिंगची जुनी परंपरा आहे. डच किंवा स्वीडिश माणसाला रोजचं इंग्रजी इतकं सहज का येतं, याची कारणं पुष्कळ आहेत, त्यांच्या भाषा मुळात इंग्रजीच्या जवळच्या आहेत हेही आहेच. पण लहानपणापासून टीव्हीतून मूळ आवाज ऐकू येत राहतो हे कारण त्यात हमखास सांगितलं जातं. सक्तीने नाही, अभ्यास म्हणून नाही. संध्याकाळी घरात टीव्ही चालू असतो, एवढंच.

पुण्यात शिकायला आले तेव्हा आधी मराठीच नव्याने ऐकावी लागली. 'काय करायलीस?' असं मी वसतिगृहाच्या खोलीत विचारलं की दोन माना वळायच्या. 'काय करतीयेस?' जिभेवर बसायला वेळ गेला. पु. लं.ची 'ती फुलराणी' १९७५ सालची, शॉच्या १९१३ सालच्या 'पिग्मॅलियन'वरून घेतलेली. तिच्यात फुलं विकणाऱ्या मुलीला बोलणं शिकवायला भाषेचा प्रोफेसर असतो. आमच्यासारख्या मुलींच्या वाट्याला प्रोफेसर येत नाही. आम्ही गप्प बसून ऐकतो. शब्द कुठे तुटतो, कुठे लांबतो, हसू वाक्याच्या आधी येतं की नंतर, हे टिपत राहतो. ही ऐकायची सवय मला पुण्याच्या मराठीने लावली आणि इंग्रजीच्या वेळी ती कामी आली.

लकडी पुलाजवळच्या अलका टॉकीजला तेव्हा इंग्रजी सिनेमे लागायचे. रेक्झिनच्या खुर्च्या, वरच्या पंख्यांची घरघर, आणि त्या घरघरीतून वाट काढत येणारे संवाद. तिथली एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसलीय. विनोदाला हशा दोन हप्त्यांत यायचा. आधी बाल्कनीतून, वाक्य संपायच्या आत. मग खालून, शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या कानात सांगितल्यावर. त्या दोन हशांच्या मध्ये जेमतेम एखादा श्वास घेण्याएवढं अंतर असेल, पण खालच्या खुर्च्यांत बसलेल्या आम्हा मुलींना ते अंतर फार लांब वाटायचं. माझी एक मैत्रीण कॅम्पातली, इंग्रजी शाळेत शिकलेली. ती हळू आवाजात मला मराठीत सांगत राहायची आणि मागून लोक 'शुक शुक' करायचे. पुढे २०१२ साली 'इंग्लिश विंग्लिश' आला. त्यात पुण्याची शशी गोडबोले विमानातला इंग्रजी सिनेमा बघत असते आणि शेजारच्या खुर्चीवरचा अमिताभ तिला एकेक वाक्य हिंदीत सांगत जातो. थिएटरमधले लोक त्या प्रसंगाला खळखळून हसले. मी नाही हसू शकले. माझ्या कानाशी ती मैत्रीण कुजबुजत होती.

खरी सोय झाली ती नोकरी लागल्यावर, पेइंग गेस्ट म्हणून राहायचे तेव्हा. मालकीणबाई लवकर झोपायच्या. हॉलमध्ये टीव्ही बघायची परवानगी होती, पण आवाज बंद ठेवून. इंग्रजी सिनेमांच्या चॅनलवर तोवर खाली इंग्रजीतच ओळी यायला लागल्या होत्या. त्यामुळे पुष्कळ रात्री मी मुके सिनेमे पाहिले. ओठ हलायचे आणि खाली वाक्य उमटायचं. रविवारी दुपारी मालकीणबाई माहेरी गेल्या की तोच सिनेमा पुन्हा लागलेला असायचा, तेव्हा आवाज मोठा करायचा. वाचलेलं वाक्य आता ऐकू यायचं आणि चकित व्हायला व्हायचं. कागदावर पाच-सहा शब्दांचं असलेलं वाक्य तोंडातून येताना एका दमाचं झालेलं असायचं. 'व्हॉट आर यू गोइंग टू डू' याचं 'व्हॉचा गॉना डू' होतं हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं असतं? शिव्या आल्या की आवाज गायब व्हायचा आणि खालच्या ओळीत भलताच सोज्वळ शब्द यायचा. त्याचाही उपयोग झाला. जिथे आवाज गेला तो शब्द ऑफिसात वापरायचा नाही, हे न शिकवता कळलं.

सिनेमाचं मोठेपण मला वाटतं ते असं, की शब्द एकटा येत नाही, त्याच्याबरोबर हात येतो, भुवई येते, दार येतं. अमेरिकन सिनेमांत रस्त्याकडेच्या खाणावळीचा प्रसंग शेकड्याने सापडेल. उंच स्टुलावर माणूस बसलाय, वाढणारी बाई हातात कॉफीचं काचेचं भांडं घेऊन येते, विचारते, आणखी हवी का? तो कपावर तळहात आडवा धरतो आणि म्हणतो, 'आय अ‍ॅम गुड.' हे वाक्य नुसतं ऐकलं असतं तर मी गोंधळून गेले असते. तळहात बघितला आणि शंकाच उरली नाही. आमच्या घरी पंगतीत आजी तिसऱ्यांदा भाताचं पातेलं घेऊन आली की आजोबा नेमका तस्साच हात पानावर आडवा धरायचे. कुठे बार्शी, कुठे ते अमेरिकेतलं हमरस्त्याकडेचं गाव. 'नको' म्हणायची खूण दोन्हीकडे एकच होती, आणि त्या खुणेला धरून ते वाक्य माझ्या अंगवळणी पडलं. हे असं शिकलेलं विसरत नाही. पाठ केलेल्या यादीतले शब्द परीक्षेनंतर उडून जातात. तळहाताखालचं वाक्य राहतं.

त्यातले शब्दही काही फार नसतात. स्टुअर्ट वेब आणि मायकेल रॉजर्स या दोन संशोधकांनी २००९ साली ३१८ सिनेमांचे संवाद तपासले होते. त्यांना आढळलं की एका मुळापासून निघालेले शब्द एकत्र धरले, तर अशी सगळ्यात जास्त वापरातली ३००० कुटुंबं ओळखीची असलेल्या माणसाला, विशेषनामं कळतात असं धरून, सिनेमातले साधारण ९५ टक्के शब्द कळतात. दहावी-बारावीपर्यंत मन लावून शिकलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांकडे यातले पुष्कळसे शब्द आधीच असतात. 'गेट', 'टेक', 'पुट', 'शो', 'फिगर', 'अप', 'आउट', 'ऑफ'. यातला एकही शब्द अवघड नाही. पण हेच शब्द एकमेकांशेजारी बसून भलतंच काही बोलायला लागतात आणि आपण तिथे अडतो. शाळेत मी 'पोस्टपोन' शिकले होते. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात ऐकलं, 'लेट्स पुश इट टू मंडे.' शब्दकोशात बघायला जावं तर प्रत्येक शब्द आधीच माहीत. अशा वेळी कुणीतरी ते आपल्यासमोर, चेहऱ्यासकट, बोलून दाखवावं लागतं. उशिरा आलेल्या मित्राला 'यू शोड अप' म्हणताना बाईचे डोळे भरून आलेले मी एका सिनेमात बघितले आणि मगच त्या दोन शब्दांत किती काय मावतं ते कळलं.

कुठले सिनेमे बघावेत, हे मला तरुण मुलं विचारतात तेव्हा मी स्पष्ट सांगते की मारधाड आणि अंतराळ बाजूला ठेवा. ते करमणुकीसाठी बघा, पण स्फोटांच्या आवाजात बोलणं बुडतं आणि जे उरतं ते आरडाओरड्याचं असतं. कोर्टाचे सिनेमे मला फार आवडतात, पण 'ऑब्जेक्शन' म्हणायची वेळ आपल्यावर कधी येणार? स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल, दवाखान्यातला बाक, बहिणी-बहिणींची भांडणं, हे ज्या सिनेमात आहे तो धरावा. जुने काळे-पांढरे सिनेमेही चांगले. त्यातले पुष्कळ नट रंगभूमीवरून आलेले, शेवटचं अक्षरसुद्धा गिळत नाहीत. आणि खालच्या ओळी मराठी किंवा हिंदीत नकोत, इंग्रजीतच हव्यात. मराठी ओळ आली की डोळे अर्थ घेऊन मोकळे होतात आणि कान झोपी जातात.

याच गोष्टीवर एका माणसाने आयुष्य लावलंय. ब्रिज कोठारी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना स्पॅनिश शिकत होते. मित्रांबरोबर एक स्पॅनिश सिनेमा बघताना खाली इंग्रजी ओळी येत होत्या, आणि त्यांच्या मनात आलं की या ओळी स्पॅनिशमध्येच असत्या तर आपली स्पॅनिश सुधारली असती. तिथूनच पुढचा विचार निघाला. हिंदी गाण्यांखाली हिंदीतच ओळी दिल्या तर अर्धवट वाचता येणारी कोट्यवधी माणसं नीट वाचायला लागतील. मग अहमदाबादच्या आयआयएममधून त्यांनी हे काम धरून ठेवलं. १९९९ मध्ये गुजरात दूरदर्शनवर आणि २००२ पासून देशभरच्या 'चित्रहार'मध्ये गाण्याखाली गाण्याचेच शब्द यायला लागले. आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींना मी रविवारी सकाळी टीव्हीसमोर उभं राहिलेलं पाहिलंय. हातात ओलं फडकं, गाणं तोंडपाठ, आणि शब्द जसजसा रंगत जाईल तसतसे त्यांचे ओठ त्याच्याबरोबर पुढे सरकत. गाणं त्यांच्या कानात आधीपासून होतं. डोळे हळूहळू त्याच्या जोडीला यायला लागले होते.

इंग्रजीतल्या खालच्या ओळींची मूळ कथा तर आणखीच निराळी. त्या मुळात आपल्यासाठी नव्हत्याच, कर्णबधिर प्रेक्षकांसाठी होत्या. अमेरिकेत १९७२ साली ज्युलिया चाइल्डच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमाला अशा ओळी दिल्या गेल्या. १९९० मध्ये कायदा झाला आणि जुलै १९९३ पासून तिथल्या १३ इंची किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या टीव्हीत त्या दाखवायची सोय बसवणं बंधनकारक झालं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या हक्कासाठी हा झगडा झाला, आणि ज्यांना ऐकू येतं पण उमगत नाही अशा आमच्यासारख्यांचं त्यात भलं झालं. मला या गोष्टीची फार कृतज्ञता वाटते. त्या ओळींत चौकटी कंसात आवाजांची नावं येतात, ती मी मुद्दाम वाचते. दार करकरलं, किटली शिटी द्यायला लागली, कुणी घसा खाकरला, कुणी सुस्कारा सोडला. हे रोजचे आवाज, त्यांना इंग्रजीत काय म्हणतात हे कुठल्याच धड्यात नव्हतं. 'चकल्स' म्हणजे गालातल्या गालात हसणं. 'स्कॉफ्स' म्हणजे समोरच्याला कमी लेखत नाकातून हवा सोडणं.

जेवणाच्या टेबलावर त्या दिवशी जो आवाज निघाला तो हाच होता.

त्यानंतर मी त्या मुलीला एकदा चहाला घेऊन गेले. ती कसं शिकली, हे तिने फार साधेपणाने सांगितलं. उदगीरच्या वसतिगृहात रात्री गच्चीवर जायचं, फोनला इअरफोन लावायचे, एक प्रसंग निवडायचा. दहा सेकंद मागे न्यायचं बटण दाबत दाबत तो ऐकायचा. मग त्या नटीबरोबर, तिच्याच वेगाने, मोठ्याने म्हणायचं. समोर सिमेंटची पाण्याची टाकी. "तिला सगळं इंग्रजी येतंय आता," असं म्हणून ती हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "ताई, मला शब्द नव्हते पाहिजे. शब्द होते माझ्याकडं. मला कुणीतरी शांत आवाजात बोलताना ऐकायचं होतं. आमच्या कॉलेजात इंग्रजी म्हणलं की सर ओरडूनच बोलायचे." मी काय बोलणार? 'टेक युअर टाइम' हे तिने ज्या मऊपणाने म्हटलं होतं तो मऊपणा तिने शोधून काढला होता, घासून घासून आपला केला होता. त्याला डायलॉग कसं म्हणायचं?

सिनेमाचं इंग्रजी पुरं पडतं असं मात्र नाही. ते कुणीतरी बसून लिहिलेलं असतं, त्यात फालतू काही नसतं. आणि खरं बोलणं तर फालतूनेच भरलेलं असतं. सिनेमात फोन ठेवताना कुणी निरोप घेत नाही. महत्त्वाचं बोलून झालं की खाडकन ठेवून देतात. प्रत्यक्षात परदेशातल्या माणसाशी झालेला कॉल संपवायलाच दोन मिनिटं लागतात. 'ऑल राइट देन', 'आय विल लेट यू गो', 'टॉक सून', मग पुन्हा 'ओके, बाय, बाय'. हे मला सिनेमाने दिलं नाही, कामाने दिलं. 'आवाज तुटतोय', 'म्यूटवर आहात' ही वाक्यं तर कुठल्या पटकथेत सापडायची? शिवाय आमच्या पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतलं इंग्रजी आपलंच आहे, त्याची चाल वेगळी. चेन्नईच्या सहकाऱ्याशी मी अमेरिकन सिनेमासारखं बोलायला लागले तर त्याला ते तुटक वाटतं, हे मी अनुभवलंय.

आणि एक गोष्ट अशी आहे की जिच्याबद्दल माझं मन अजूनही एका बाजूला होत नाही. वडील गेले तेव्हा बार्शीच्या घरी सतरंजीवर माणसं येऊन बसत होती. कसं झालं, एवढं विचारायची आणि गप्प बसायची. कुणी आईच्या पाठीवरून हात फिरवायचं. उठताना 'येतो' सुद्धा म्हणायचं नाही, नुसतं उठून जायचं. त्यातच एका दुपारी परदेशातल्या सहकारी बाईंचा फोन आला. "आय अ‍ॅम सो सॉरी फॉर युअर लॉस." हे वाक्य मी काळ्या छत्र्यांखाली, ओल्या गवतावर उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलेलं होतं, त्यामुळे त्यापुढे काय म्हणायचं तेही मला माहीत होतं. मी 'थँक यू' म्हणाले. आपल्याकडे सांत्वनाला आलेल्याला कुणी धन्यवाद म्हणत नाही. म्हटलं तर तो दुखावेल. अंगणात तुळशीपाशी उभी राहून ते शब्द उच्चारताना मला माझाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. पण फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, हेही खरं. त्या सतरंजीवरच्या गप्प बसण्यात जे होतं तेच त्या बाईंना सांगायचं होतं, आणि सिनेमे पाहिले नसते तर मला ते पोचलं नसतं. त्या दिवशी मला दोन्ही हवं होतं, ते गप्प बसणंही आणि ते वाक्यही.

आता शहरातल्या मल्टिप्लेक्सात इंग्रजी सिनेमांना पुष्कळदा खाली इंग्रजी ओळी असतात. त्यावर नाराज असणारी माणसं मला नेहमी भेटतात. लक्ष विचलित होतं, चित्र खराब होतं, इंग्रजी सिनेमा बघायला येणाऱ्याला इंग्रजी कळत नाही का, असं म्हणतात. मी अशा वेळी वाद घालते, जोरात घालते. त्या ओळींमुळे हशा आता एकदमच येतो. कुणाला शेजाऱ्याची वाट बघावी लागत नाही, हे अलकातल्या खालच्या खुर्चीवर बसलेल्या माणसालाच कळेल.

बार्शीच्या माझ्या शाळेत आता प्रोजेक्टर आलाय, पांढरा पडदा आहे, खिडक्यांना जाड पडदे लावलेत. दिवाळीनंतर शाळा उघडली की तिथल्या बाईंशी बोलायचं मी ठरवलंय. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आठवी-नववीच्या मुलांना एक सिनेमा, इंग्रजी आवाजात, खाली इंग्रजी ओळी. एका वेळी अर्धाच दाखवायचा आणि मधले दोन-तीन प्रसंग पुन्हा लावायचे. त्या मुलीला विचारलं, येशील का? तर ती म्हणाली, येते की, आणि लगेच नावं सुचवायला लागली. तिच्या यादीतला एकही सिनेमा मला पटत नाहीये आणि माझे तिला संथ वाटतायत. घर असलेला हवा, पोरं असलेला हवा, भांडण झालेलं हवं आणि मिटलेलंही. मारामारी नको, पण आठवीच्या पोरांना कंटाळाही येता कामा नये. आमचं अजून ठरत नाहीये.